जंतूंतील शत्रू आणि मित्र

जंतू हा शब्द कानी पडताच माणसाला रोगाची आठवण होते. यात नवल काही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी अनेक भयंकर रोगांचे मूळ जंतूंमध्ये आहे, हे प्रयोगांनी सिद्ध केले. त्यानंतर जंतूंना शोधावे कसे आणि मारावे कसे, याच विचाराने शास्त्रज्ञ भारावून गेले. परंतु त्याच काळात एका शास्त्रज्ञाच्या मनात निराळेच प्रश्न उभे राहिले. हवेत, पाण्यात, अन्नात, सर्वत्र जंतू असताना माणूस बहुधा निरोगी राहतो, तो कोणाच्या बळावर? आणि आपल्या शरीरात जन्मभर मुक्काम ठोकून बसलेले असंख्य जंतू सगळेच आपले वैरी आहेत काय? या दोन प्रश्नांपायी ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्या शास्त्रज्ञांचे नाव इल्या मेचनिकॉव्ह.

इल्याचा जन्म 1845 सालच्या मे महिन्यात खारकीव्ह शहराजवळच्या एका खेड्यात झाला. हा प्रदेश आज युक्रेन देशात आहे; त्या वेळी तो रशियन साम्राज्यात मोडत असे. वडील सैन्यात अधिकारी होते. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटा. तो इतका चंचल होता की एका जागी क्षणभरही स्वस्थ बसत नसे. मात्र एखादा किडा किंवा रानफूल हाती आले की तो तहानभूक विसरून जाई. त्याच्या एका भावाला शिकवण्यासाठी घरी वैद्यकाचा एक विद्यार्थी राहत असे. त्याच्याबरोबर रानावनात हिंडताना इल्याला वनस्पतींचा छंद जडला. मिळालेले ज्ञान दुसऱ्यास सांगितल्यावाचून त्याला चैन पडत नसे. तो लहान मुलांना गोळा करून व्याख्याने देई, आणि श्रोत्यांनी कंटाळून उठून जाऊ नये म्हणून आपल्या खाऊचे पैसे त्यांना वाटून टाकी!

पुढे इल्या खारकीव्हच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथील चार वर्षांचा सृष्टिविज्ञानाचा अभ्यासक्रम त्याने अवघ्या दोन वर्षांत पुरा केला. त्या दिवसांत चार्ल्स डार्विन यांचा उत्क्रांतीविषयीचा ग्रंथ त्याच्या हाती पडला. सर्व प्राणी एकमेकांचे दूरचे अथवा जवळचे नातलग आहेत, ही कल्पना त्याच्या मनात खोल रुजली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पदवी घेऊन तो जर्मनीत आणि नंतर इटलीत गेला. समुद्रातील सूक्ष्म जीवांचा अभ्यास करताना सूक्ष्मदर्शक यंत्राला त्याचे डोळे तासन्तास खिळलेले असत. या श्रमांनी त्याची दृष्टी अधू झाली, तरी अभ्यासाची ओढ कमी झाली नाही. लवकरच मेचनिकॉव्ह यांची ओडेसा येथील नव्या विद्यापीठात नेमणूक झाली. वर्गातील काही विद्यार्थी या तरुण गुरूपेक्षा वयाने मोठे होते.

विद्येच्या प्रांतात अशी त्वरेने प्रगती होत असता संसारात मात्र दुःखाचे डोंगर उभे राहिले. 1869 साली मेचनिकॉव्ह यांचा विवाह ल्युडमिला हिच्याशी झाला. ती क्षयाने इतकी क्षीण झाली होती की विवाहाच्या वेळी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. पत्नीला बरे वाटावे म्हणून मेचनिकॉव्ह तिला उबदार हवेच्या ठिकाणी घेऊन गेले. औषधोपचारांसाठी पैसा हवा म्हणून ते दुखऱ्या डोळ्यांनी रात्रंदिवस काम करीत राहिले. पण 1873 साली मदेरा बेटावर तिचे निधन झाले. मेचनिकॉव्ह यांचा धीर सुटला. जगण्यात काही अर्थ आहे असे त्यांना वाटेना.

अशा खिन्न अवस्थेत एका रात्री ते जिनीव्हा शहरात रोन नदीच्या पुलाजवळ आले. तेथे दिव्याभोवती पंखांच्या कीटकांचे थवे घिरट्या घालीत होते. हे कीटक पंख फुटल्यावर काही खात नाहीत आणि फार थोडा वेळ जगतात, असे त्यांना वाटले. मग इतक्या अल्पायुषी जीवांना डार्विन यांचा नियम कसा लागू पडेल? हा विचार मनात येताच त्यांच्यातील शास्त्रज्ञ जागा झाला. दुःख नाहीसे झाले नाही. पण त्या दुःखाहून मोठा असा एक प्रश्न त्यांना सापडला होता. ते पुन्हा कामाला लागले.

1875 साली त्यांनी दुसरा विवाह केला. त्यांच्या पत्नी ओल्गा या पुढे त्यांच्या संशोधनातही साहाय्य करू लागल्या. ओडेसा विद्यापीठातील वातावरण राजकीय धामधुमीमुळे दूषित झाले, तेव्हा 1882 साली मेचनिकॉव्ह यांनी राजीनामा दिला आणि ते सहकुटुंब सिसिली बेटावरील मेसिना या बंदरात राहू लागले. तेथे घराच्या दिवाणखान्यातच त्यांनी आपली प्रयोगशाळा मांडली.

त्या वर्षीच्या डिसेंबर महिन्यात एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील वानरांचे खेळ पाहावयास गेली. मेचनिकॉव्ह एकटेच घरी राहिले. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तारामाशाचे पिल्लू होते. ते काचेसारखे पारदर्शक असल्यामुळे त्याच्या शरीरात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी स्पष्ट दिसत होत्या. त्यांच्याकडे पाहता पाहता मेचनिकॉव्ह यांच्या मनात एकाएकी वीज चमकावी तशी कल्पना चमकली. बाहेरून कोणी शत्रू आत शिरला, तर या पेशी त्याच्यावर चालून जात असतील काय? माणसाच्या बोटात काटा मोडला की त्या जागी सूज येते व पू जमतो, तोही याचाच तर प्रकार नसेल? ते बागेत गेले, गुलाबाचे काही काटे तोडून आणले आणि त्या पारदर्शक पिलांच्या कातडीखाली ते हलकेच खुपसले. रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे उठून त्यांनी पाहिले, तो फिरत्या पेशींनी प्रत्येक काट्याला गराडा घातला होता!

पुढे डॅफ्निया या पाण्यातील चिमुकल्या जीवाच्या शरीरात रोगट बुरशीची बीजे शिरल्यावर काय घडते, हे त्यांनी पाहिले. पेशी त्या बीजांना गिळून टाकीत. पेशींची सरशी झाली तर जीव वाचे; बीजांची सरशी झाली तर तो मरे. माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशीही हेच काम करतात, असा सिद्धांत त्यांनी मांडला. या पेशींना भक्षक पेशी असे म्हणतात. त्या शरीररूपी किल्ल्याचे पहारेकरीच होत.

1888 साली मेचनिकॉव्ह पॅरिसला आले. पाश्चर यांनी त्यांचे स्वागत केले आणि नव्याने उघडलेल्या आपल्या संस्थेत त्यांना स्वतंत्र प्रयोगशाळा दिली. तीच त्यांची अखेरपर्यंतची कर्मभूमी ठरली. तथापि त्यांचा सिद्धांत सहजासहजी मान्य झाला नाही. रोगांपासून रक्षण पेशी करीत नसून रक्तातील द्रव करतो, असे अनेक जर्मन शास्त्रज्ञांचे म्हणणे होते. हा वाद वीस वर्षे चालला. विरोधकांच्या प्रत्येक आक्षेपाला मेचनिकॉव्ह नवा प्रयोग करून उत्तर देत. शेवटी दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे असे दिसून आले. 1908 सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह यांना आणि रक्तद्रवाच्या सिद्धांताचे पुरस्कर्ते पॉल एर्लिख यांना मिळून देण्यात आले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. पण दुसरा प्रश्न अजून बाकी होता. मेचनिकॉव्ह पन्नाशी ओलांडून गेले होते. माणसाला म्हातारपण का येते, याचा ते विचार करू लागले. या विचारात डार्विन यांची शिकवण त्यांच्या उपयोगी पडली. मनुष्य, माकडे आणि वानरे हे सर्व एकाच नरवानर गणातील प्राणी आहेत. चिंपांझी हा तर माणसाचा फारच जवळचा आप्त. एमिल रू या सहकाऱ्याच्या साहाय्याने मेचनिकॉव्ह यांनी 1903 साली माणसांतील एका सांसर्गिक रोगाची लागण चिंपांझीला होते, हे दाखवून दिले होते. मग त्यांनी असा तर्क केला की, माणसाला आपल्या प्राचीन पूर्वजांकडून काही निरुपयोगी इंद्रियेही वारशाने मिळाली असावीत. मोठे आतडे हे त्यांपैकीच एक होय, असे त्यांना वाटले. तेथे अन्नाचा उरलेला भाग बराच वेळ पडून राहतो व त्यात जंतूंची दाटी होते. काही जंतू तो भाग कुजवतात, त्यातून विषे निर्माण होतात आणि ती रक्तात मिसळून शरीर झिजवतात, अशी त्यांची उपपत्ती होती. पक्ष्यांचे मोठे आतडे अगदी आखूड असते आणि पोपटासारखे काही पक्षी दीर्घकाळ जगतात, याकडेही त्यांनी बोट दाखवले.

यावर उपाय कोणता? मेचनिकॉव्ह यांचे लक्ष दह्याकडे गेले. नुसते मांस उघड्यावर ठेवले तर ते कुजते. दूध मात्र विरजले की आंबट होते. पण मांसासारखे कुजत नाही. कारण विरजणातील जंतू दुधातील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात कुजवणाऱ्या जंतूंची वाढ होत नाही. मग हे विरजणाचे जंतू पोटात गेले, तर आतड्यातील दुष्ट जंतूंना ते आळा घालणार नाहीत काय? बल्गेरिया देशातील खेडुत भरपूर दही खातात व त्यांच्यात वयोवृद्ध माणसे पुष्कळ आढळतात, असे मेचनिकॉव्ह यांच्या कानी आले होते. 1905 साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन संशोधकाने तेथील दह्यातला एक जंतू शोधून काढला. मेचनिकॉव्ह यांनी त्याचा कसून अभ्यास केला. ते स्वतः रोज दही घेऊ लागले. पण तेही कसे? प्रथम दूध उकळून घ्यायचे आणि मग त्यात विरजणाचे शुद्ध जंतू घालायचे. कच्ची भाजी किंवा न धुतलेले फळ ते तोंडात घालीत नसत. ताकही फुंकून पिणारा हा मनुष्य होता!

ही वार्ता वर्तमानपत्रांतून जगभर पसरली. दही म्हणजे जणू अमृतच, असा लोकांचा समज झाला. दुकानांतून दह्याची आणि दह्याच्या गोळ्यांची विक्री होऊ लागली. काही शल्यचिकित्सकांनी याहूनही टोक गाठले. मोठे आतडे जर विषाचे आगर असेल, तर ते कापूनच का टाकू नये, असा विचार करून लंडनच्या आर्बथनॉट लेन यांनी तशा शस्त्रक्रिया केल्या. त्यांत काही रोग्यांना प्राणास मुकावे लागले. एखादा तर्क पुरेशा पुराव्याच्या आधी खरा मानला, तर केवढा अनर्थ ओढवतो, हे यावरून दिसून येते.

एकेकाळी जीवनाला कंटाळलेले मेचनिकॉव्ह आता जीवनाचे गोडवे गाऊ लागले होते. माणसाने पूर्ण आयुष्य जगावे आणि दिवसभर श्रम केलेल्याला जशी झोप हवीशी वाटते, तसा मृत्यू त्याला शेवटी स्वाभाविक वाटावा, असे त्यांचे मत होते. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाला त्यांनी आशावादी निबंध असे नाव दिले. परंतु 1914 साली पहिले महायुद्ध पेटले. प्रयोगशाळेतील तरुण सहकारी रणांगणावर गेले आणि कामाची घडी विस्कटली. मेचनिकॉव्ह यांचे मन व्यथित झाले. त्यातच त्यांचा हृदयविकार बळावला. 15 जुलै 1916 रोजी पाश्चर संस्थेतच त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय एकाहत्तर वर्षांचे होते. मरणापूर्वी त्यांनी आपल्या वैद्य मित्राला सांगून ठेवले होते, की मृत्यूनंतर माझे शरीर उघडून आतडी नीट तपासावीत. आपले म्हणणे खरे की खोटे, याची कसोटी स्वतःच्या देहावरही लागावी, असा त्यांचा आग्रह होता.

मेचनिकॉव्ह यांच्यामागे त्यांच्या विचारांचे काय झाले? काही विचार खोटे ठरले. 1921 च्या सुमारास अमेरिकेतील येल विद्यापीठात लिओ रेट्गर यांनी दाखवून दिले, की दह्यातील तो बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात कायमचा वस्तीला राहत नाही. मोठे आतडेही निरुपयोगी नाही. भाज्या आणि धान्ये यांतील जो चोथा आपल्याला पचवता येत नाही, तो तेथील जंतू पचवतात. त्यापासून ते जी आम्ले तयार करतात, त्यांवर आतड्याच्या पेशींचे पोषण होते. काही जीवनसत्त्वेही हे जंतू निर्माण करतात.

परंतु आतड्यातील जंतूंचा आणि आरोग्याचा निकट संबंध आहे, त्यांत शत्रू आहेत तसे मित्रही आहेत, हा मेचनिकॉव्ह यांचा मूळ विचार खरा ठरला. त्यांच्याच काळी पाश्चर संस्थेतील हेन्री टिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बालकांच्या आतड्यात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे जंतू आढळले होते. पुढे कळून आले, की आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, ज्या बालकाला पचत नाहीत. त्या या जंतूंचे अन्न होत. म्हणजे माता आपल्या दुधाने बालकाला पोसते आणि त्याच्या या इवल्या सोबत्यांनाही पोसते! 2016 साली केलेल्या एका अंदाजाप्रमाणे माणसाच्या शरीरात सुमारे 30 लाख कोटी पेशी त्याच्या स्वतःच्या असतात आणि जवळजवळ 38 लाख कोटी जंतू असतात. या साऱ्या जंतूसमूहाला आज मायक्रोबायोम असे म्हणतात.

माणसाप्रमाणेच नरवानर गणातील इतर प्राण्यांचीही अशीच कथा आहे. महाराष्ट्रात गावोगावी दिसणारी काळतोंडी वानरे झाडांची पाने खाऊन राहतात. ती पाने त्यांना पचतात, कारण त्यांच्या जठराचे कप्पे असतात व त्यांतील जंतू पाने आंबवून देतात. केनियातील अंबोसेली येथील बबून जातीची माकडे एकमेकांचे केस साफ करीत बसतात. जी माकडे असा परस्परांचा सहवास अधिक करतात, त्यांच्या आतड्यांतील जंतूंतही अधिक साम्य असते, असे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पिंजऱ्यात कोंडलेल्या काही माकडांच्या पोटातील रानातले अनेक जंतू नाहीसे होतात, असेही दिसून आले आहे. म्हणून रान राखणे म्हणजे केवळ प्राणी राखणे नव्हे. त्यांच्या अदृश्य सोबत्यांनाही राखणे होय.

2016 साली तर याहून विलक्षण गोष्ट उघडकीस आली. माणूस, चिंपांझी, बोनोबो आणि गोरिला यांच्या आतड्यांतील काही जंतूकुळे संशोधकांनी ताडून पाहिली. या प्राण्यांचे पूर्वज लाखो वर्षांपूर्वी ज्या क्रमाने एकमेकांपासून वेगळे झाले, त्याच क्रमाने या जंतूंच्या शाखाही वेगळ्या झाल्या होत्या. काही जंतू पिढ्यान्पिढ्या आपल्या यजमानाची सोबत करीत आले आहेत. पूर्वजांकडून मानवाला लाभलेल्या वारशाचा विचार मेचनिकॉव्ह यांनी केला होता. पण त्या वारशात हे जंतूही असतील, याची त्यांना कल्पना नव्हती.

पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात मेचनिकॉव्ह यांच्या अस्थी एका कलशात जपून ठेवल्या आहेत. त्यांनी दिलेली सर्व उत्तरे काळाच्या कसोटीला उतरली नाहीत. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आजही अनेक देशांतील प्रयोगशाळांना काम पुरवीत आहे. ज्यांच्याकडे जग केवळ भीतीने पाहत होते, त्या सूक्ष्म जीवांकडे त्यांनी जिज्ञासेने पाहिले आणि आपल्याच देहातील एका अज्ञात सृष्टीचे दार मानवजातीसाठी उघडून दिले.